पिवळ्या छत्रीमागची माणसं

गल्ली इतकी अरुंद की समोरून मांजर आलं तरी आपणच भिंतीला चिकटायचं. आणि समोरून आला तो! हातात उंच धरलेली पिवळी छत्री, मागे पाहुण्यांची रांग.

माझ्या हातात काय होतं? पिवळी छत्री. मागे पाहुण्यांची रांग.

"मागे हो," मी म्हटलं.

"मी अर्ध्याहून जास्त आलोय. तू हो."

"आज मी पहिल्यांदा माणसं फिरवतेय. पहिल्याच दिवशी माघार? छे!"

"अच्छा... पहिला दिवस?" तो हसला आणि त्याच्या गालाला खळी पडली. मी मुद्दाम बघितली नाही हं — दिसली.

जुन्या वस्तीतला रविवारचा फेरफटका माझ्या मावशीचा. तो मला द्यावा म्हणून मी वर्षभर तिचं डोकं खाल्लं होतं. "चार माणसं समोर आली की तुझी दातखीळ बसते," म्हणायची. बसायची, खरं आहे. पण आता नाही बसत! शेवटी मावशीचाच घसा बसला, तेव्हा नाइलाजाने कुजबुजली, "जा. मी चौकात कारंज्यापाशी थांबते. एकही माणूस हरवलं, तर रविवार विसर आणि मुकाट्याने अभ्यासाला बस."

तेवढ्यात पाऊस आला. धो धो नव्हे, उगाच खोडी काढल्यासारखा... भुरभुर. भराभर छत्र्या उघडल्या. अख्खी गल्ली छत्र्यांनी गच्च!

"तू वर धर, मी खाली घेतो," तो म्हणाला आणि वाकून माझ्या छत्रीखालून सरकला. ओल्या शर्टाला साबणाचा वास... कानावरून ओघळणारा एक थेंब...

"पाय सांभाळ. माझ्या पायावर देऊ नकोस," मी म्हटलं.

"नाही देत," तो कानाशी म्हणाला, "अजून तरी."

असा आगाऊ! मी मान ताठ ठेवून निघाले. गाल मात्र गरम झाले होते. पुढे बेकरीत शिरल्यावर मी ते भट्टीवर ढकलून दिलं.

"ही भट्टी माझ्या मावशीच्या जन्माआधीपासून विझलेली नाही," मी खणखणीत आवाजात सांगितलं. बेकरीवाल्या काकूंनी गरम पाव वाटले, लोणी वितळून पाहुण्यांच्या मनगटावर आलं, सगळे खूश. मी तर हवेतच!

"पोरी, घंटा कधी वाजवायची गं?" एका आजींनी विचारलं.

"कुठली घंटा?"

"मनोऱ्यावरची! तो मुलगा म्हणाला होता ना... आणि आमचे हे कुठे दिसत नाहीत ते?"

मी वळून नीट बघितलं. छत्र्या मिटलेल्या, चेहरे उघडे — आणि त्यातले निम्मे मी कधी पाहिलेलेच नव्हते! "पिवळी छत्री सोडू नका," असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. त्यानेही बजावलं असणार. भुरभुर पावसात डोकी खाली घालून चाललेली माणसं बिचारी... जी छत्री दिसली तिच्यामागे गेली.

रडू आलं? आलं होतं. पावासकट गिळलं.

"चला मंडळी!" मी टाळी वाजवली. "आता आपण वस्ती उलट्या बाजूने बघायची."

"उलट्या का?" एकाने विचारलं.

"सरळ सगळेच बघतात!"

आणि निघालो. पुस्तकं बांधणाऱ्या काकांच्या दुकानात चिकटवायच्या सरसाचा उग्र वास घेतला, कातडी पुठ्ठ्यांवर हात फिरवला — आणि मी हळूच विचारलं, पिवळी छत्री दिसली का? पुढे गेली. मग बटणांचं दुकान. जमिनीपासून छतापर्यंत इवलेसे खण, प्रत्येक खणावर आतल्यापैकी एक बटण शिवलेलं. पाहुणे हरखले. मी घाईत.

"आत्ताच गेला तो, तुझी माणसं घेऊन," बटणवाल्या मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "सारखा मागे वळून बघत होता. भांडण झालंय का?"

"व्हायचंय!"

मनोऱ्यापाशी पोहोचलो तर माझेच पाहुणे दोराला लोंबकळून घंटा वाजवतायत. आजींनी आपल्या आजोबांना गाठलं आणि आधी एक चापटी दिली. तो पायरीवर उभा. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की माझं भांडण क्षणभर... पण क्षणभरच!

"तुला कळलं नाही, ही माणसं तुझी नाहीत?"

"कळलं... बटणांच्या दुकानात."

"मग परत का नाही आलास?"

त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "वाटलं... तू शोधत येशील. आणि परत एकदा भेटशील."

घंटा वाजतच होती. छातीत की मनोऱ्यावर, सांगता आलं नसतं.

"माझा रविवार गेला असता," मी म्हटलं. आवाज मुळीच कापला नाही. "तुला गंमत सुचली. मला नाही. चल आता, मावशीला तुझ्या तोंडाने सांग."

त्याची खळी मावळली. "चुकलो," तो म्हणाला, आणि खरंच निमूट आला.

कारंज्यापाशी मावशीने सगळं ऐकलं. त्याच्याकडे एकदा पाहिलं — त्या एका नजरेत तो निम्मा झाला — मग माझ्याकडे वळून कुजबुजली, "हरवली होती किती?"

"निम्मी."

"आणि आणलीस?"

"सगळी. वर याचीपण."

मावशी पाहुण्यांत शिरली, एकेकाच्या कानाशी लागली. ती परत आली आणि माझ्या गालाला चिमटा काढला. "उलट्या बाजूची वस्ती म्हणे! वेडी कुठली. रविवार तुझा."

मी उडीच मारली!

गर्दी पांगल्यावर तो जवळ आला. "ऐक ना... दोघं मिळून फिरवू या का? तू पुढे, मी मागे, एकच रांग..."

किती गोड होतं ते! डोळे, आवाज, सगळंच. पण वर्षभर मागितलेली गोष्ट मिळाल्या मिळाल्या वाटून टाकायची?

"नाही," मी म्हटलं. "रविवार माझा एकटीचा."

"बरं..." तो वळला.

"अरे, थांब की! मला तू आवडतोस. खूप." झालं, बोलून मोकळी! "पण रविवार माझा."

त्याची खळी हळूहळू परत आली. "आणि सोमवार?"

"सोमवारी शाळा सुटली, की फाटकापाशी ये. मी वाट बघणार नाही हं... फक्त उभी असेन."