गाद्यांचं पाणी

मुरबाडच्या एसटी स्टँडवर रंजिता आपल्या बॅगेवरच बसली होती. नारिवलीची गाडी रद्द झाली होती. रडावं, की इथंच आडवं होऊन झोपावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. कपड्यांना अजून समुद्राचा खारट वास होता आणि ऑक्टोबरचं ऊन डोळ्यांत खुपत होतं.

"सिद्धगडाकडं जायचंय का?"

तिनं मान वर केली. खाकी गणवेश, धुळीनं माखलेले बूट आणि चेहऱ्यावर... अगदी तिच्याइतकाच थकवा.

"तुमी कोण?"

"हनुमान. तिथला वनरक्षक. तुमी नवसूबाबांची रंजिता ना? मी त्यांना जंगलात अडवतो, मग ते मला खाली बसवून तुमचं कौतुक सांगतात. पोरगी समुद्रावर असते म्हणून."

"तुमी बघितलाय समुद्र?"

"नाय बा."

"नाव हनुमान, आणि समुद्राच्या अलीकडंच?"

तो ओशाळून हसला. "कोणी पाठवलंच नाय पलीकडं."

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये तिची बॅग होती. दोन्ही बाजूंना पिकून पिवळा पडलेला भात, वाऱ्याबरोबर त्याचा उबदार वास. आरशात तिला त्याचे डोळे दिसत होते, आणि ते रस्त्यापेक्षा आरशातच जास्त होते.

"समुद्रावर करता काय तुमी?"

"सिंधुदुर्गात एका खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन पिल्लं घेऊन येतात. तिथले लोक त्यांना गादे म्हणतात. तेवढं पाणी राखीव ठेवायचं चाललंय. काही महिने जाळी नाहीत, पर्यटकांच्या होड्या लांबून, हळू... ते सगळ्यांना सांगत फिरायचं, हे माझं काम."

"म्हणजे तुमीपण नाय म्हणायच्या नोकरीत!"

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसल्यावर तिला उगाच भरून आलं.

ती नोकरी सोडायच्या विचारानंच घरी आली होती. त्या खाडीवरच्या मच्छीमार बाबलकाकांच्या जाळ्यात गाद्याचं पिल्लू अडकून गुदमरलं होतं. श्वास घ्यायला वर येता आलं नाही त्याला. त्याची आई दिवसभर होडीभोवती फिरत राहिली. पिल्लू जाळ्यातून सोडवताना बाबलकाका स्वतः रडले. पण दुसऱ्याच दिवशी राखीव पाण्याचा विषय निघाला, तसे तेच तिच्या अंगावर ओरडले, "मगे माझ्या पोरांका काय खावक घालू?"

 ती लहान असताना वनखात्यानं तिच्या बापाला असंच जंगलातून हुसकलं होतं. त्या दिवसापासून तिला खाकी रंगाचा राग होता. आणि आता ती स्वतःच खाकी झाली होती...

वाडीवर भातकापणी चालली होती. रंजिता विळा घेऊन आईबरोबर वाकायची आणि दिवस मावळेपर्यंत कापत राहायची. संध्याकाळी मात्र बांधावर ओळखीचे बूट यायचे.

"बिबट्याचा माग काढतोय," हनुमान म्हणायचा.

"रोज आमच्याच शेतात?"

"बिबट्या जरा हट्टी हाय."

तिची आई लहानी पदरात हसू लपवून चहा टाकायला जायची. मग दोघं भाऱ्यांना टेकून बसायची. तो सांगायचा, स्वतःच्या मामाला लाकडं तोडताना पकडलं, तेव्हापासून आजोळचं दार बंद झालंय. ती ऐकायची. त्याचा हात तिच्या हाताजवळ यायचा... आणि गवताची काडी उचलून परत जायचा.

एका संध्याकाळी तिनं सांगून टाकलं. "तिकडं सभा आहे. राखीव पाण्याचं काय ते मच्छीमार ठरवणार. मी जाणार नाय. सोडते नोकरी."

त्यानं हातातली गवताची काडी मोडली.

"सोडलीत तर माझं भलंच होईल," तो खाली बघत म्हणाला. "इथंच राहाल. पण... तुमी दमलाय. आधी झोपा. दमलेल्या माणसानं काय ठरवू नये."

ती खरंच झोपली, दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात येईपर्यंत. उठली आणि बॅग भरली.

सभा जाळी विणायच्या शेडमध्ये होती. रंजितानं नियम वाचून दाखवलेच नाहीत. ती म्हणाली, "माझ्या बापाला जंगलात अडवलं, तेव्हा त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. मी विचारायला आलेय. कुठलं पाणी सोडलंत तर चूल बंद पडणार नाही, ते तुम्हीच सांगा."

खूप भांडण झालं. कोणी उठून गेलं, कोणी परत आलं. शेवटी बाबलकाकांनी मान खाली घालून खाडीच्या तोंडाजवळचं आतलं पाणी दाखवलं. मागितलं होतं त्याच्या निम्मंच. पण पिल्लं तिथंच असायची. राखणीला होड्याही मच्छीमारांच्याच निघणार होत्या.

ती पाय ओढत बाहेर आली. उपड्या होडीवर चुरगळलेल्या सदऱ्यात हनुमान बसला होता.

"तुमी? इथं?"

"रजा टाकली. आत यायचं धाडस नाय झालं. बाहेरूनच ऐकलं... सगळं."

 ती नुसती त्याच्या शेजारी बसली. या वेळी मध्ये बॅग नव्हती.

सकाळी बाबलकाकांनी दोघांना होडीतून नेलं. आतल्या पाण्यात येताच त्यांनी इंजिन बंद केलं. होडी डुलायला लागली आणि हनुमानचा चेहरा पालवीसारखा हिरवा झाला.

"रंजिता... एक विचारायचंय. माझ्याशी लग्न कर— थांब!"

तो काठावरून ओकायला वाकला. बाबलकाकांनी समंजसपणे दुसरीकडे तोंड फिरवलं. रंजितानं त्याच्या पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं.

"मी इथून इतक्यात येणार नाय, हनुमान."

"मी पण सिद्धगड सोडणार नाय." त्यानं तोंड पुसलं. "एवढीच अडचण ना?"

"एवढीच."

"मग एसटी हायेत की. येत जाऊ. दमू... पण येत जाऊ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लालभडक डोळे, विस्कटलेले केस, आणि सगळं सांगून टाकल्याचं केवढं तरी समाधान.

"करीन," ती हळूच म्हणाली. "तुझ्याशीच करीन."

उत्तर आलं नाही. लांबच्या प्रवासानं आणि लाटांनी गळून गेलेला हनुमान तिच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपी गेला होता. ऐकलं होतं त्यानं. झोपेतही तिचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात फुस्स करून पाणी फुटलं. गाद्याच्या मादीची करडी पाठ वर आली, आणि तिच्या कुशीला चिकटून एक इवलंसं पिल्लू.

"उठव गे तेका," बाबलकाका कुजबुजले. "बघूक तरी दी."

"राहू दे काका," रंजिता म्हणाली. "उद्यापण येतील ते."