गडग्यापलीकडचा

हिवाळ्याच्या बर्फाने आमच्या कुरणाचा दगडी गडगा मधोमध ढासळला होता. मी आमच्या बाजूला दगड निवडत बसले होते, तेवढ्यात पलीकडून एक डोकं वर आलं. केसांत गवत, गालावर चिखल.

"तो दगड दे ना."

"कुठला तो?"

"तुझ्या पायाशी आहे, तो."

"मग हा म्हण की!"

"तुझा हा, माझा तो," म्हणाला आणि हसला... मेला, काय हसला!

हा नेड. शेजारच्या मेंढपाळाचा भाचा, थोड्या दिवसांसाठी आलेला. आमच्याकडे गडगा दोघांनी रचायचा, एकाने या बाजूने, दुसऱ्याने त्या. त्यामुळे रोज भेट ठरलेलीच.

आमच्या यॉर्कशरच्या डोंगरात जवळचं ते 'धिस', जरा लांबचं ते 'दॅट' आणि पार पलीकडचं ते 'यॉन'. आईच्या तोंडी नेड कायम 'यॉन'!

"आला का गं तो पलीकडचा? जीव लावू नकोस हं, हेझल. शनिवारी चाललाय तो."

चाललाच होता. न्यूझीलंडला मेंढ्या कातरायचं काम मिळालं होतं. आणि मला तो जायला नको होता, अजिबात नको होता.

मधल्या थराला दोन्हीकडे पोचणारा लांब दगड लागतो. तो आम्ही मिळून उचलला. माझी बोटं त्याच्या बोटांखाली सापडली.

"हा कुणाच्या बाजूचा?" मी विचारलं.

"हा... दोघांचा." बोटं त्याने जरा उशिराच काढली.

गडगा चढत गेला. आधी त्याचे हात दिसेनासे झाले, मग हनुवटी. मी मुद्दाम रेंगाळत होते. शेवटी वरचा दगड बसला आणि नुसता आवाज उरला.

"झालं," तो म्हणाला.

"नेड... जाऊ नकोस ना."

पलीकडे बूट वाजत लांब गेले. मी मटकन खाली बसले आणि रडले.

"तिकडून नीट ऐकू आलं नाही."

वर पाहिलं. फाटकातून वळसा घालून, धापा टाकत तो माझ्यासमोर उभा!

"खोटारडा! सगळं ऐकलंयस."

"ऐकलंय. पण जवळून ऐकायचंय."

मी पुन्हा म्हणाले. अगदी जवळून.

"आणि न्यूझीलंड?"

"ते यॉन," तो म्हणाला, "राहू दे तिकडेच. मी मामाकडे राहतोय."

संध्याकाळी आईने दार उघडलं.

"कोण आलंय?"

"हा आलाय, आई."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या चिखलाच्या बुटांकडे. कपाटातून आणखी एक कप काढला.

"बूट बाहेर काढायला सांग याला," ती म्हणाली.