लालटोपीचा वाण

बाबांचं डोकं माशांच्या टाकीत होतं आणि टाकी फुटलेली होती.

ती दारातच थबकली. काचेचा एक सुळका गळ्यात खोल घुसला होता. फरशीवर पाणी आणि रक्त एक झालं होतं. कुणीतरी मानगूट धरून डोकं काचेवर आपटलं होतं, आणि काच तडकल्यावरही हात आवरला नव्हता. बाकीच्या टाक्यांतले हवेचे पंप मात्र काही झालंच नाही असे गुरगुरत होते.

तिने पोलिसांना फोन केला, मग काकाला. बाबांनंतर तिचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

इन्स्पेक्टरबाईंनी खोलीभर नजर फिरवली.

"वडील मासे विकायचे?"

"वाढवायचे. लालटोपी. अंग पांढरं, डोक्यावर तांबडा गोंडा. आजोबांनी धरलेला वाण आहे."

"वाण धरायचा म्हणजे नेमकं काय?"

"पिल्लं मोठी व्हायला लागली की सरळ पाठीची, दुहेरी शेपटीची तेवढी ठेवायची. बाकीची मारून टाकायची. छाटणी म्हणतात. बाबांनी ती कधीच सोडून दिली होती. या टाकीत सरळ-वाकडे सगळे एकत्र असायचे."

बेसिनखाली एक बादली होती. तिच्यात लालटोपी फिरत होते, जिवंत.

"हे खाली पडलेले कुणीतरी उचललेत," ती वाकून म्हणाली. "नळाचं ताजं पाणी असतं तर एव्हाना उलटे झाले असते. हे शेजारच्या टाकीतून काढलंय."

"खून करून मासे वाचवणारा माणूस!" बाईंनी भुवया उंचावल्या. "वडिलांनीच उचलले नसतील?"

मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. "काच गळ्यात गेल्यावर हे जागचे हललेले नाहीत. आणि काच फुटल्याशिवाय मासे खाली येतील कसे?"

जन्मापासून आखूड असलेला एक पाय सांभाळत ती फरशीवर बसली आणि मेलेले मासे ओंजळीत गोळा करू लागली. एकाची पाठ कमानीसारखी, एकाचा जबडा तिरपा, एकाची शेपटी एकाच बाजूला. बाबा यांना पाहुणे म्हणायचे. फुटक्या टाकीच्या कोपऱ्यात घोटभर पाणी साचलं होतं. त्यात एक कुबडा पाहुणा अजून तोंड उघडत होता. तिने त्याला बादलीत सोडलं आणि बादलीकडे बराच वेळ बघत राहिली.

तोवर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून हवालदाराने एका दुकानदाराला आणलं. रंगीत माशांचं दुकान, तोंडात अखंड बडबड आणि उजव्या हाताला पट्टी.

"काल इथे भांडलात?"

"भांडलो, बाई. वाकडे मासे मागत होतो. हल्ली गिऱ्हाइकाला तेच लागतात. कुबडा दिसला की पोरं काचेला नाक लावतात. सरळ मासे माझ्याकडे पडून सडतायत!"

"मग?"

"म्हणाला, व्यंगाचा तमाशा करू देणार नाही. मी म्हटलं, मर मग तुझ्या पाहुण्यांसोबत." त्याने जीभ चावली. "तसं म्हणायचं नव्हतं हो."

"हाताला काय झालं?"

"दुकानातली टाकी फुटली."

"बरी आजच फुटली! घ्या याला गाडीत."

"बाई, जरा थांबा," ती उठत म्हणाली. "मला आधी काकाशी बोलू द्या. तुम्ही दारात उभ्या राहा."

काका पुढच्या खोलीत बसला होता. अंगाची काहिली होत होती, तरी मनगटापर्यंत गुंड्या लावलेला शर्ट. डोळे लाल. आल्यापासून तो आत गेलाच नव्हता. भावाला तसं बघवणार नाही म्हणाला होता. लहानपणी शाळेतून दमून येताना तिला खांद्यावर घेणारा हाच काका.

तिने बादली त्याच्यापुढे ठेवली. शेजारी रिकामा टब.

"काका, यातले ठेवण्याजोगे निवडून दे. मला ते कळत नाही."

"आत्ता? पोरी, वेळ कसली आहे?"

"दाटीत मरतील रे. मग वाणच संपेल."

तो शब्द ऐकताच त्याचे हात आपोआप चालू लागले. गुंड्या सुटल्या, बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. आयुष्यभर तो स्वतःच्या टाक्यांत असाच हात घालून छाटणी करत आला होता. एक मासा टबात. दुसरा टबात. मग कुबडा हाताला लागला. त्याने अंगठ्याने तो फरशीवर उडवला.

"हा यात कसा आला? हा नव्हता."

मासा तिथेच फडफडू लागला. तिने त्याला उचलून ओंजळभर पाण्यात धरलं.

"तू तर आत गेलाच नाहीस, काका. बादलीत काय होतं हे तुला कुठून कळलं?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांवर काचेचे ताजे ओरखडे होते, एक अजून ओला. त्याने बाह्या खाली ओढल्या, पण बाई पुढे आल्या होत्या.

"मासे उचलणारा मासे जाणणारा होता, हे पाण्यावरून कळलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पण फरशीवर मेलेले सगळे वाकडे होते आणि बादलीत एकूण एक सरळ. बाबांनी हाताला लागेल तो उचलला असता. दुकानदाराने वाकडे आधी पळवले असते, त्याला तेच हवे होते. समोर भाऊ मरत असताना छाटणी करणारा माणूस मला एकच माहीत आहे."

"माझ्या टाक्यांत रोग शिरला," काका पुटपुटला. "सगळे गेले. वाण उरला होता तो इथेच. मागायला आलो तर यानं कुबड्यांशी जोड्या लावलेल्या. वर म्हणतो, निसर्गानं दिलंय, असू दे. काय असू दे? वडिलांचं अख्खं आयुष्य नासवलं! मी मानगूट धरली... मग आपटतच राहिलो."

"बाबांनी छाटणी का सोडली, ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक नसायला काय झालं? तू झालीस तेव्हापासून." त्याची नजर तिच्या पायावर गेली आणि तिथेच थांबली. "तुला कधी काही बोललो का मी? सांग ना. कधी बोललो?"

"नाही," ती म्हणाली. "बोलला नाहीस."

बाईंनी बेड्या घातल्या. दुकानदाराला हवालदाराने सोडून दिलं.

ती आत गेली. बाबांवर चादर घातली होती. खिडकीखालच्या टाकीत तिने ओंजळ रिकामी केली, मग टबातले आणि बादलीतले मासे अलगद सोडले. कुबडा आधी तिरका बुडाला, मग सावरून बाकीच्यांत मिसळला.

काकाला नेताना दार उघडंच होतं. तो उंबऱ्याशी अडला. चादरीकडे त्याने पाहिलं नाही.

"पोरी, तेवढं एक वाकडं त्यांच्यात सोडू नकोस. वाण जाईल."

"सोडलंय," ती म्हणाली आणि चादरीशेजारी जाऊन बसली.