रिकाम्या खुर्चीचा होकार

फोन उचलताच तनुजा लांडगेला आधी किंकाळी ऐकू आली, मग कुलदीपचा आवाज.

"मॅडम, पेंट लाइनवर या. रोहिदासभाऊंचा हात अडकलाय."

चाकणच्या त्या कारखान्यात तनुजा सुरक्षा अधिकारी होती. ती पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स गेटबाहेर पडत होती. फिटर रोहिदासची दोन बोटं रंगवायचे भाग वाहून नेणाऱ्या साखळीत गेली होती. थांबवलेली लाइन तो आत असतानाच सुरू झाली होती.

लाइन आता पुन्हा थांबवली होती. साखळीशेजारी रोहिदासची पानापेटी उघडीच पडली होती. आत पान्याच्या गोट्या, म्हणजे बोल्टवर बसणारी पोलादी सॉकेटं, ओळीने बसवलेल्या. एक खाच रिकामी. तनुजा वाकली. खाच लांब, बारीक गोटीची होती. साखळीचे बोल्ट तिच्या दुप्पट जाड होते.

कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर शाहरुख भिंतीला टेकून खाली बसला होता. प्रॉडक्शन हेड कुलदीप एक टाइप केलेला कागद घेऊन उभा होता.

"कबुली दिलीय त्याने," कुलदीप म्हणाला. "कागद संध्याकाळी पोलिसांकडे जाईल."

सही झाली की शाहरुखची नोकरी जाणार आणि वर केस लागणार. तरी त्याने पेन मागितलं.

"थांब," तनुजा म्हणाली. "काय केलंस ते सांग."

"कीबोर्डवर वाय दाबला, मॅडम. चुकून."

"कुठे बसून?"

"इथंच. खुर्चीत."

"मग तुझ्या बाहीला साखळीचं ग्रीस कसं लागलं?"

शाहरुखने बाही मुठीत लपवली. "भाऊंना बाहेर ओढलं ना. रक्त थांबत नव्हतं. माझ्यामुळेच झालं, मॅडम, अजून काय सांगू?"

लाइन थांबवायची म्हणजे स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीतून लाइनच्या संगणकाशी जोडून घ्यायचं. जोडणी असेपर्यंत लाइन थांबलेली, तुटली की सुरू. मुख्य स्विचला कुलूप लावायचा नियम होता, पण त्याने रंग सुकवायची भट्टीही गार व्हायची, म्हणून कुलूप कपाटातच राहायचं. महिनाभरापूर्वी एक एआय एजंट आला. सगळ्या जोडण्या तो सांभाळायचा. थांबलेल्या लाइनवर कोणी काम करतंय का, हे दर थोड्या वेळाने स्क्रीनवर विचारायचा आणि उत्तर पाहून, वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही, जोडणी ठेवायचा किंवा तोडायचा.

तनुजा कीबोर्डवर वाकली. वायच्या बटणावर तेलाचं गोल वळं उमटलं होतं. ते पाहून ती जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली. मग तिने एजंटलाच विचारलं.

"जोडणी का तोडलीस?"

स्क्रीनवर उत्तर आलं. "मी विचारलं, काम संपलं का, लाइन सोडू? उत्तर आलं, वाय. त्यानंतरही वाय येत राहिले, एकामागे एक, न थांबता."

"असा प्रश्न कोणी शिकवला?"

"माझ्यासाठीच्या सूचनांमध्ये, डॉक्युमेंटेशनमध्ये, तसं लिहिलं आहे."

ते लिहिणारी मोनिका निगडीच्या ऑफिसात बसायची. तनुजाने तिला फोन लावून स्पीकर चालू केला.

"प्रश्न पहिल्यापासून हाच होता?"

"नाही, कालच बदलला. आधी 'काम चालू आहे का?' असा होता. कुलदीपसर म्हणाले, लाइन फार वेळ अडते, प्रश्न उलटा करा. एकच वाक्य होतं, मॅडम. काय झालं?"

"तुम्ही ही लाइन कधी पाहिलीय?"

"फोटो पाहिलेत."

"शिफ्टला कोणी कळवलं?"

"ते सर सांगणार होते."

तनुजा कुलदीपकडे वळली. "आरडाओरडा झाल्यावर या खोलीत पहिलं कोण आलं?"

"मी. लाइन मीच थांबवली."

"आत कोण होतं?"

"कोणी नाही. हा तिकडे भाऊंजवळ होता."

"स्क्रीनवर काय दिसलं?"

"वाय, वाय, वाय. नुसते पळत होते."

"कुलदीपराव, खोलीत कोणी नव्हतं. मग वाय दाबत कोण होतं?"

कुलदीपने कीबोर्डकडे पाहिलं.

"बोट एकदा दाबतं आणि उचलतं," तनुजा म्हणाली. "हे न उचलता दाबलेलं होतं. बटणावर वळं आहे, पेटीत एक खाच रिकामी आहे. लांब गोटी उभी ठेवली की वाय दाबलेला राहतो. 'काम चालू आहे का?' हो. 'काम चालू आहे का?' हो. सारखं लाइनवरून येऊन उत्तर द्यायला नको. शाहरुख, गोटी कोणाची?"

"भाऊंची." शाहरुख रडत होता. "हेल्पर आला नव्हता. भाऊंना उजेडाला बॅटरी धरायला गेलो. रोज ठेवतो तशी ठेवली. भाऊंचं नाव आलं तर सगळे म्हणतील, स्वतःच्याच गोटीनं बोटं घालवली. त्यांची दोन बोटं गेली, माझी नोकरी जाऊ दे."

"काल प्रश्न उलटला, आणि गोटीचा 'हो, काम चालू आहे' आज 'हो, लाइन सोड' झाला. उलटलाय हे इथे एकालाच माहीत होतं. गोटीही त्याला माहीत होती. तो आला, त्याने गोटी उचलली आणि मग कबुली टाइप केली. खिसा रिकामा करा, कुलदीपराव."

कुलदीपने खिशात हात घातला. गोटी टेबलावर ठेवताना ती वाजू नये म्हणून त्याने फार काळजी घेतली.

"देवाशपथ, प्रश्न बदलताना गोटी डोक्यातच आली नाही," तो म्हणाला. "इथे आलो, ती उभी दिसली, तेव्हा कळलं."

"कळल्यावर काय केलंत?"

त्याने मान खाली घातली. मग एकदम वर केली. "आणि तुम्ही? मागच्या फेरीत तुम्हीही पाहिली होती ना ती? हसलात. म्हणालात, डोकं चालवलंय पोरांनी."

फोनवर मोनिकाचा श्वास ऐकू येत होता.

"हो, मी म्हणाले होते," तनुजा म्हणाली. "कपाटातलं कुलूपही पाहिलं होतं."

तिने कबुलीचा कागद फाडला. तेवढ्यात स्क्रीन उजळली.

काम संपलं का? लाइन सोडू?

कोणीच हललं नाही. तनुजाने खुर्ची ओढली, बसली आणि एन दाबला.

"शाहरुख, कपाटातलं कुलूप मुख्य स्विचला लाव. किल्ली मला आणून दे."

"भट्टी गार होईल, मॅडम."

"होऊ दे."

तो धावत गेला. किल्ली येईपर्यंत प्रश्न पुन्हा आला. तनुजा खुर्चीतच होती.