कुलपातले बूट

चुलीतला विस्तव जरा ढोसा आणि ऐका. हे माझा शेजारी सायलस पर्किट याच्या मळ्यावर घडलं. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

सायलस गाडी जोडून सुधारशाळेत गेला होता, मळ्यावर कामाला पोरगा आणायला. शाळा अशी पोरं शिक्षा संपायच्या आधीच बाहेर कामाला देते. मालकानं तक्रार केली की पोरगा परत आत. सायलसला मिळाला जोब, कोळसा चोरताना सापडलेला. निघताना तिथला पहारेकरी म्हणाला, रात्री याचे बूट कुलपात ठेवा, बुटांशिवाय कोणी पळत नाही. बूट पोराला चांगलेच ढगळ होते.

सायलस पक्का संशयी माणूस. पोराला वर माळ्यावर झोपवायचा, बूट आपल्या पलंगाजवळच्या पेटीत कोंडायचा आणि किल्ली गळ्यात घालून झोपायचा. तरी जानेवारी सरता सरता रात्री अंगणात बूट वाजायला लागले. मग एक कोंबडी गेली. फेब्रुवारीच्या पहिल्या संध्याकाळी त्यानं पोराला सांगून टाकलं, उद्या सकाळी तुला परत पोचवतो.

जोब पांढराफटक पडला. परत म्हणजे अजून दोन वर्षं आत.

“मालक, मी माळ्यावरून उतरलोच नाही.”

“मग अंगणात कोण फिरतं? तुझा बाप?”

पोरानं पायातल्या बुटांकडे बोट केलं.

“हे बूट आधी शाळेतल्या रूबेनचे होते, तोही असाच बाहेर कामाला दिलेला. तेव्हाही ते रात्री कुलपात असायचे. तो तसाच पळाला, अनवाणी. तळ्याकाठी सापडला... गोठलेला.”

“थापा पुरे. झोप जा.”

मला विचाराल तर मीही पोरालाच धरलं असतं.

त्या रात्री कडाक्याचा गारठा होता. सायलस जागाच होता. अंगणात बूट वाजले. मग दाराशी. मग... घरात.

तो मेणबत्ती घेऊन थेट माळ्यावर चढला. जोब गाढ झोपला होता. शाळेच्या शिस्तीप्रमाणे दोन्ही हात पांघरुणावर. पायाचे तळवे कोरडे.

आणि खाली, सायलसच्याच खोलीत, पेटीचं झाकण वाजलं.

तो उतरला. कुलूप जसंच्या तसं... किल्ली गळ्यात. उघडलं. बूट आत होते. चिखलानं भरलेले.

सकाळी त्यानं गाडी जोडली नाही. बूट जोबच्या उशाशी नेऊन ठेवले आणि पुन्हा कधी कोंडले नाहीत. पोरगा तिथेच राहिला, तिथेच मोठा झाला. अंगणातले बूटही थांबले.

पण त्या रात्री पेटीसमोरच्या फळीवर दोन पावलं उमटली होती. अनवाणी, ओली. टाचा पेटीकडे, बोटं सायलसच्या उशीकडे. त्यानं राख टाकली. वाळूनं घासलं. फळी रंध्यानं तासून काढली.

परवा त्याला खांदा द्यायला गेलो, तेव्हा वाकून त्या फळीला हात लावला.

ओलीच होती.