वेदीशेजारची खिडकी

मिस्त्री चुन्याच्या कामात मुरलेला माणूस. भिंतीवरून नुसता तळवा फिरवून तिचं वय सांगायचा. विलायतेतल्या एका जुन्या अँग्लिकन चर्चच्या पाद्रीबाबांनी त्याला बोलावलं, तेव्हा तो एका अटीवर आला. मापं घ्यायला आणि इमारतीचा इतिहास लिहायला आपली लेक येईल. ती नुकतीच वास्तुकला शिकून परतली होती. बापलेकीचं एकत्र असं हे पहिलंच काम.

"मनोरा सगळ्यात जुना, बाबा. कमानी त्याच्या दोनशे वर्षांनंतरच्या," ती वहीत रेघा मारत म्हणाली.

"कमानींना काय विचारतेस? भिंतींना विचार. त्या खोटं बोलत नाहीत."

वेदीशेजारी उत्तरेच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक खिडकी होती. वीतभर रुंद, दगडांनी बुजवलेली. पाद्रीबाबा म्हणाले, भिंतीला लागून बाहेर एके काळी एक कोठडी होती. एका बाईने प्रार्थनेसाठी तिच्यात स्वतःला जन्मभर कोंडून घेतलं होतं. या खिडकीतून तिला पाव आणि पाणी मिळायचं. कोठडी कधीच पाडली, आता तिथे नुसतं गवत. तेवढी खिडकी मोकळी करायची होती.

पाद्रीबाबा घरी गेले. भर दुपार होती, पण आत रंगीत काचांतून येणारा उजेड मिणमिणता. थंड दगडाचा आणि जुन्या मेणाचा वास. मिस्त्रीने छिन्नी लावली. पहिला दगड निघाला, दुसरा निघाला. पलीकडे काळोख.

"भिंत दोन फुटांची आहे," लेक म्हणाली. "बाहेरून धड आहे, मी पाहिलंय. म्हणजे आत दगड लागायलाच हवा." तिने टेप घेऊन हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत.

"लागला?"

"नाही बाबा... पोकळच आहे..."

टेप आत कुठेतरी खणकन पडली.

"बाबा... कुणीतरी माझा हात धरलाय."

मिस्त्रीने छिन्नी टाकली. "ओढतंय?"

"नाही... कुरवाळतंय... एकेक बोट..."

त्याने तिला कमरेला धरून मागे खेचलं. ती किंचाळली, कारण आतली पकड घट्ट झाली होती. खांदा दगडाला घासून रक्त आलं. मिस्त्रीने पुन्हा खेचलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, त्या काळोखाला तोंड लावून हळूच म्हणाला, "बाई, एकुलती एक आहे माझी. सोड तिला... पाया पडतो तुझ्या."

त्याने दोन्ही हात जोडले. मग हात सुटला.

लेकीला त्याने पाद्रीबाबांच्या घरी धाडलं. मग चुना कालवला आणि दोन्ही दगड होते तिथे बसवले. सांध्यात थापीने चुना दाबून भरला. थापी खाली ठेवली, कपाळ भिंतीला टेकलं आणि पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.

तेव्हा ऐकू आलं. खर्र... खर्र...

चाळीस वर्षं तो आवाज त्याच्या हातातून निघत आला होता. त्याने खाली पाहिलं. त्याची थापी जमिनीवरच होती.

भिंतीच्या पलीकडून कुणीतरी, अगदी सावकाश, त्याच सांध्यावर आतल्या बाजूने थापी फिरवत होतं.