गोठ्यातला भूकंप

“आला! भूकंप आला!” असं ओरडत जयवंता गोठ्यातून धावत आली, तेव्हा देवीदास ओसरीवर पाण्याच्या परातीसमोर बसला होता. परातीतलं पाणी ढिम्म हललं नव्हतं.

देवीदासला भूकंपाचं वेड होतं. अमरावतीच्या नव्या शाळेत रामराव मास्तरांनी सांगितलं होतं, की वऱ्हाडची काळी जमीन म्हणजे कुण्या काळी पृथ्वीच्या पोटातून उसळून थिजलेला तप्त रस आहे. त्या दिवसापासून ती जमीन पुन्हा कधी हलते, याची तो वाट पाहत होता. सहा महिने रोज परात भरायची, पाण्यावर नजर ठेवायची आणि वहीत लिहायचं, ‘आज काही नाही.’ आणि ही मामेबहीण जयवंता! हिवरखेडहून संक्रांतीला आलेली, अक्षराची ओळख नसलेली. तिनं गंमत म्हणून सूत कातायच्या चातीला मातीचा गोळा लावला, चाती गोठ्याच्या आढ्याला टांगली, खाली राख पसरली, आणि तिसऱ्याच दिवशी चातीच्या टोकानं राखेत रेघ ओढली.

मास्तर स्वतः पाहायला आले. “शाळेच्या वहीत पहिली नोंद हिच्या नावानं करू,” असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. देवीदासच्या पोटात असं दुखलं, की संध्याकाळी तिळगूळही गोड लागेना.

पुढचे दोन दिवसही दुपारी रेघ उमटली, आणि प्रत्येक रेघ आदल्या दिवशीपेक्षा लांब. तिसऱ्या सकाळी कुणी नाही हे पाहून देवीदासनं राख हातानं सारखी केली. तिन्ही रेघा गेल्या. त्याला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

पण एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. ती खोटी ठरायला हवी होती. त्यानं समोरच्या घरच्या सूर्यभानला हाताशी धरलं. एक परात ओसरीवर, एक सूर्यभानच्या घरी, एक गोठ्यात, चाती वर ओढून राखेवरच. दुपारी गोठ्यातलं पाणी थरथरलं. बाकी दोन्हीकडे शांत!

“तुह्या भूकंपाले आमचाच गोठा सापडला काय वं?” देवीदास छाती काढून म्हणाला.

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. जयवंता विचारात पडली. “बरोबर बोलून राहिला तू,” ती म्हणाली. “भूकंप असता तं सारं गाव हाललं असतं. मंग गोठ्यामागं काय हाय?”

टोमणा त्याचा, आणि त्यातून अक्कल सुचली तिला! देवीदास चरफडत तिच्यामागे निघाला.

गोठ्यामागे नत्थुजी शेटचं कापसाचं आवार होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि अमरावतीत मोकळी जागा दिसली की तिथे गंजी उभी राहत होती. नत्थुजींची गंजी तर घरापेक्षा उंच. रोज दुपारी गाड्या यायच्या आणि कापसाचे गठ्ठे धपाधप पडायचे. जयवंतानं फाटकाजवळ टाच आपटली. जमीन मुकी. गंजीजवळ आपटली, तर आवाज घुमला.

“आमच्याकडं पेवावर असाच आवाज येते,” ती म्हणाली.

फाटकाशी बोरं विकणाऱ्या पार्बताआजीनं मान डोलावली. इथे ज्वारी साठवायची पाच पेवं होती, जमिनीत पुरुष-पुरुष खोल खणलेली. भरलेल्या पेवावरून लादलेली गाडीही जायची, रिकामं मात्र वजनानं खचायचं. पण तीन वर्षं जो तो कापूसच पेरत होता. ज्वारी नाही, म्हणून पेवं रिकामी. तोंडावर फरशी, वर माती, आणि सगळे विसरले. नत्थुजींना ठाऊक नाही का, असं सूर्यभाननं विचारलं.

“त्यानं जागा घेतली बापा, इचारलं कोणाले?” आजी म्हणाली.

सूर्यभानचा चेहरा उतरला. गंजीच्या सावलीत दहाबारा बाया कापूस निवडत बसल्या होत्या, आणि त्यांत त्याची माय मनकर्णा होती.

सगळं ऐकून नत्थुजी आधी हसले. पोरांनी फारच गळ घातली तेव्हा पुरावा पाहायला गोठ्यात आले. जयवंतानं परात उचलली. राख कोरी होती.

“रेघा कुठं हायेत?” त्यांनी विचारलं. जयवंता गोंधळून राखेकडे पाहू लागली.

देवीदास गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण सूर्यभान त्याच्याकडे पाहत होता.

“म्या पुसल्या,” तो म्हणाला. “हिचं नाव होईन म्हणून पुसल्या. तीन होत्या. कालची वीतभर होती.”

घरची भांडणं घरीच ठेवा, असं म्हणून नत्थुजी निघून गेले. तेवढ्यात फाटकातून दुसऱ्या खेपेच्या गाड्या आत शिरल्या. आता मोठ्यांना समजावायला वेळ नव्हता. देवीदास धावत आजीकडे गेला आणि तिच्या कानाशी लागला. आजीनं एकदा गंजीकडे पाहिलं, टोपली डोक्यावर घेतली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन हाळी दिली, “फुकट बोरं! संक्रांतीचं वाण, बायाहो!”

फुकट म्हटल्यावर कोण बसतं? बाया पदर सावरत पळाल्या, आणि त्यांना शिव्या घालत नत्थुजी मागोमाग. गंजीच्या लांबच्या टोकाला पहिला गठ्ठा पडला. दुसरा पडला. मग जमिनीतून घुमारा आला आणि गंजी एका अंगाला झुकून कमरेइतकी खाली बसली. गाडीवानानं बैल वेळेत हाकले. धूळ खाली बसली तेव्हा मनकर्णाच्या जागेवर काळं भगदाड होतं.

नत्थुजींच्या हातातलं बोर हातातच राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी पगडी काढली, पोरांजवळ आले आणि चुकलो म्हणाले. मनकर्णानं तिघांना एकदम पोटाशी धरलं.

सोमवारी नत्थुजी शाळेत येऊन भर वर्गात म्हणाले, की देवीदासच्या डोक्यानं बारा जीव वाचले. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली आणि नोंद लिहायला वही पुढे केली. सहा महिने तो याच घडीची वाट पाहत होता. त्यानं बोरू बुडवला आणि लिहिलं, ‘भूकंप नव्हे, रिकामं पेव. शोधणारी, जयवंता.’

वही दाखवायला त्यानं घरी आणली. “याच्यात माह्यं नाव कुठं हाय?” जयवंतानं विचारलं. त्यानं बोट ठेवलं. तिनं त्या अक्षरांवरून आपलं बोट फिरवलं, मग म्हणाली, “मले शिकव.”

त्यानं धूळपाटी मांडली. तिनं बोटानं पहिलाच ‘ज’ काढला तो त्याच्या ‘ज’पेक्षा घाटदार निघाला. देवीदासच्या पोटात पुन्हा दुखलं, पण थोडंसंच. “आता ‘य’ काढ,” तो म्हणाला.